रिकामं कोंदण

कातळगडावर धाकोजी नावाचा सोनार होता. हात असा, की त्यानं घडवल्याशिवाय एकही दागिना राणीच्या अंगाला लागत नसे.

एकदा राजा लढाई जिंकून आला. राणीसाठी विजयाचा हार घडव, म्हणून त्यानं धाकोजीला खजिन्यातलं सोनं दिलं. ते घेऊन धाकोजी नदीकाठानं अनवाणी घरी निघाला, तर त्याच्या पायात काच घुसली. पाहतो तर काय! सगळ्या घाटावर हिरव्या काचाच काचा. लढाईत मेलेल्या शिपायांच्या बायकांच्या बांगड्या तिथंच फोडल्या होत्या. धाकोजी मटकन खाली बसला आणि रडला.

सोनं त्यानं जसंच्या तसं परत केलं. मोडक्या भाल्यांच्या लोखंडाची तार ओढली, एकेका काचेला कोंदण केलं आणि हार घडवला. मधलं कोंदण मात्र रिकामं ठेवलं.

भर दरबारात राणीनं नाक मुरडलं. "हे भंगार घालून मी चारचौघींत मिरवू? आणि हे मधलं कोंदण रिकामं का रे?"

"सरकार पुन्हा स्वारीवर निघालेत ना, राणीसाहेब," धाकोजी म्हणाला. "तिथं कुणाची काच बसेल, कुणी सांगावं? हा हार घाला आणि सरकारांना थांबवा. तुमचं ते ऐकतील."

राणीच्या काळजात चर्र झालं, पण सोन्याचा हार हुकल्याचा राग मोठा होता ना! ती गप्प बसली. राजानं धाकोजीची बोटं ठेचायचा हुकूम दिला. तेव्हाही ती गप्पच.

राजा स्वारीवर गेला तो परत आलाच नाही. त्याच घाटावर राणीच्या बांगड्या फोडल्या. त्यातला एक तुकडा तिनं मुठीत धरला, अडगळीतून तो हार शोधून काढला आणि धाकोजीचं दार गाठलं.

"एवढा बसवून दे रे, धाकोजी," ती हुंदके देत म्हणाली.

धाकोजीनं ठेचलेले हात पुढे केले. "दिला असता, राणीसाहेब. पण आता कशानं बसवू?"

राणीनं मूठ आणखी आवळली. मुठीतून रक्त गळत होतं. हार तसाच राहिला.

तात्पर्य काय, तर दागिन्याचं मोल नुसतं सोन्यात नसतं, तो काय सांगतो त्यात असतं; आणि सांगणाऱ्याचे हात ठेचले जाताना जो गप्प बसतो, त्याचं दुःख सांगायला पुढे कुणी उरत नाही.