ठकू कासारणीचं बसायला येणं

फार फार वर्षांपूर्वी, हिवरदऱ्यात चार आळ्या आणि एकच आड होता, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा गावात ठकू नावाची कासारीण होती. दारोदार जाऊन बायकांना बांगड्या भरायची. तिच्या हातात आपला हात दिला की हाडं मेणासारखी होतात, असं म्हणतात. कितीही राठ हात असो, अंगठ्याच्या बुडाशी जरासं दाबायची, बोटं मिटवायची आणि बोलता बोलता बांगडी मनगटात. कुणाची सून माहेरी रुसून बसली, कुणाला दिवस गेले, गावाचं सगळं तिला आधी कळायचं. हात हातात असला की बाई बोलतेच ना!

मग पटकीची साथ आली आणि ठकूचा नवरा गेला. तेराव्याला थोरल्या पाटलीणबाई दारात आल्या. आत नाही आल्या हं, दारातच.

"ठके, वाईट वाटून घेऊ नकोस. पण सवाशिणीच्या चुड्याला आता तुझा हात नको."

झालं. एका वाक्यात धंदाही गेला आणि माणसंही गेली. बांगड्यांची माळ खुंटीवर लागली. ठकू मोलानं दळण दळू लागली. दळण ओट्यावर ठेवून लोक जायचे, ओट्यावरूनच उचलायचे. चार वर्षं तिच्या हाताला दुसऱ्या माणसाचा हात लागला नाही. एकटी बसली की स्वतःचंच मनगट चाचपायची, असं म्हणतात. शेजारणीला भिंतीवरून दिसायचं ते. दिसायचं, पण हाक मारायचं धाडस नव्हतं.

एकदा तिच्याच शेळीच्या करडाचा पाय मोडला. ठकूनं तो मांडीवर घेतला, डोळे मिटले, आणि बोटांनाच कळलं की हाड कुठून सरकलंय. हळूच ओढलं, बसवलं. पण टिकेना, पुन्हा सरके. तेव्हा माळावरच्या मायाप्पा धनगरानं तिला बांबूच्या कामट्या बांधायला शिकवलं. त्याला बांधणं यायचं, हाड सापडायचं नाही. हिचं उलट. वर्षभर ती त्याच्या मेंढरांमागे हिंडली.

मायाप्पा म्हणाला, "मावशे, मेंढराचं जमतंय, मग माणसाचं का करत नाहीस? बांगड्या भरून भरून सगळ्या गावाची हाडं पाठ हायती की तुला."

"पाठ आहेत रे बाबा," ठकू म्हणाली. "हात कोण देतंय?"

त्याच साली धाकट्या पाटलीणबाई, भिवराबाई, आडाच्या पायरीवरून घसरल्या. मनगट मोडलं. दोन दिवसांत हात भोपळ्यासारखा सुजला, आणि त्यात डझनभर हिरव्या बांगड्या रुतून बसलेल्या. वैद्य म्हणाला, बांगड्या फोडा, नाहीतर हात जाईल. पण नवरा लढाईवर, सहा महिने निरोप नाही. बांगडी फुटली की धनी गेला, हे भिवराबाईंच्या मनात पक्कं. त्या म्हणाल्या, "हात जाऊ दे. चुडा वाढवायचा नाही." तिसऱ्या दिवशी बोटं निळी पडली.

भर दुपारी थोरल्या पाटलीणबाई ठकूच्या ओट्यावर उभ्या. या वेळी आत आल्या.

"आत्याबाई, माझा हात चालेल?" ठकूनं विचारलं.

"काय बोलायचं ते वाटेत बोल. आधी चल."

ठकू तशीच उठून वाड्यावर गेली. तिनं रिठ्याचा फेस केला. ओल्या सुताचे वेढे बोटांच्या टोकांपासून मनगटाकडे घेत सूज मागे रेटली, आणि बांगडी फिरवायला लागली. एक निघाली. दुसरी निघाली. भिवराबाई किंचाळायच्या, की ठकू म्हणायची, "रड बाई, पण बोल. माहेरचं सांग काहीतरी." बाराच्या बारा बांगड्या अखंड निघाल्या. शेवटच्या बांगडीपर्यंत भिवराबाई इतक्या रडल्या की आडाचं पाणी काठापर्यंत चढलं होतं, असं म्हणतात. मग तिनं हाड बसवलं आणि कामट्या बांधल्या. महिन्या-दीड महिन्यानं हात जुळला. धाकटे पाटीलही लढाईवरून परत आले.

मग काय, बारा गावांची माणसं येऊ लागली. नुसतं बोट लावून ती सांगायची, लहानपणी तू उंबरावरून पडला होतास म्हणून. ओटा धान्यानं भरला. पण मोडका हात यायचा आणि बरा झाला की तिकडची वाट विसरायचा. हळदीकुंकवाला बोलावणं नव्हतंच. संध्याकाळी ओट्यावर धान्य आणि ठकू, दोघंच.

शेवटी तिनं धान्य घेणं बंद केलं. म्हणाली, "मला काही देऊ नका. हाड जुळलं की एकदा या. काही दुखत नसताना या आणि घटकाभर बसा."

पहिल्या आल्या त्या भिवराबाई. दुसरं कुणी यायला खूप दिवस लागले. सगळे आले असंही नाही. ठकू गेली तेव्हा तिचा उजवा हात दोन दिवस ऊन होता, असं म्हणतात, आणि तो धरायला आख्ख्या गावाची रांग लागली. जिवंतपणी लागली असती तर!

आता तालुक्याला दवाखाना आहे, प्लॅस्टर घालतात. पण हिवरदऱ्याचा माणूस प्लॅस्टर काढलं की थेट घरी जात नाही. गावात जी बाई एकटी राहते, तिच्याकडे आधी जातो. ती विचारते, "का रे, काय काम काढलंस?"

तो बरा झालेला हात तिच्या हातात देतो आणि म्हणतो, "काम काही नाही. ठकूबाईचं बसायला आलोय."