साळूबाईने सारवलेली मळई

नदीवर पूल नव्हता, गावात शाळा नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वळणगावात साळूबाई राहायची. लोकांची अंगणं आणि खळी सारवून देणं हे तिचं काम. जागेवर नुसती नजर टाकून किती पाट्या शेण लागेल ते ती सांगायची, आणि शेवटी मूठभरही उरायचं नाही, असं म्हणतात.

पावसाळा सरला की नदीकाठी गाळाची मळई उघडी पडायची. पुरात बांध वाहून जायचे, म्हणून ती जमीन दरसाल नव्यानं वाटायची. रीत अशी, की प्रत्येक घराला साठ काठ्या लांबीची दोरी. दोरीनं जे रान वेढलं जाईल ते त्या घराचं. नागोजी पाटलांचं रान पंधरा काठ्या लांब, पंधरा रुंद. साळूबाईला मात्र दरसाल पाण्यालगतची पट्टी, अठ्ठावीस लांब आणि जेमतेम दोन रुंद. घरात खाणारी पाच तोंडं. तिचा हरभरा पुढच्या संक्रांतीपर्यंतही पुरत नसे.

एका वाटणीला ती उभी राहिली. पाटील समजुतीनं म्हणाले, "दोरी तर सगळ्यांना सारखीच आहे ना, साळूबाई?"

"दोरी सारखीच आहे, पाटील. पण हरभरा दोरीवर उगवत नाही."

लोक हसले. कुणीतरी म्हणालं, आता सारवणारी जमीन मोजणार, मग पाटलांनी काय सारवायचं?

"सारवू देत की. पाटी मी देते," असं म्हणून ती घरी गेली. पण तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं आपली पट्टी सारवायला घेतली. चौदा पाट्यांत ती संपली. मग ती पाटलांच्या रानात शिरली. तिथं चौदा पाट्या झाल्या तेव्हा जेमतेम एक कोपरा भरला होता. ती थांबली नाही. गावच्या गायी आपणहून तिच्यामागे चालू लागल्या, आणि तिचा हात थांबेपर्यंत सूर्य डोंगराला टेकून उभा राहिला, असं म्हणतात. त्या एका रानाला पाट्या लागल्या छप्पन्न. पाटलांनी स्वतःच मोजल्या होत्या.

"चौपट," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, की नदीचा काठ तर वाकडा, पाच-पाच कोपऱ्यांची रानं सारखी वाटायची कशी?

साळूबाईनं चोळीचा कोरा खण पसरला आणि कोपऱ्यावर समोरचा कोपरा ठेवून तिकोनी दुमडला.

"हा अर्धा खण. वाकड्या रानातही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची, म्हणजे त्याचे असे तिकोन पडतात. तिकोनाचा पाया मोजा, उंची मोजा, गुणा आणि निम्मं करा. सगळे तिकोन मिळवले की रान कळलं."

गावानं वाटणी पुन्हा केली, या वेळी दोरीच्या लांबीवर नाही, रानाच्या मापावर. त्या वर्षीचा हरभरा तिच्या घरात पुढच्या होळीपर्यंत, नवं पीक हाती येईपर्यंत पुरला. पाण्यालगतची पट्टी गायींना चरायला सोडली, ती आजही तशीच आहे.

आता पूल झाला, शाळाही झाली. वाटणीच्या दिवशी चौथीची मुलं मळईवर दोरी ताणतात आणि पाया, उंची मोठ्यानं सांगतात. सर्वांत वाकडं रान ज्याच्या वाट्याला, त्याचं माप आधी. आणि पहिला तिकोन सारवायचा मान पाटलांच्या घराचा. पाटी मात्र अजून साळूबाईच्या घरूनच येते.