दोन हातांवरची चूल

पूर्वी कपिशेच्या डोंगराळ मुलखात एक म्हातारा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा थोरला मुलगा होऊन जन्माला आला. त्याचे नाव दृढायु. धाकट्याचे नाव चंडवर्मा. त्या घराण्यात जो गादीवर बसे तो आधी आपल्या भाऊबंदांचे डोळे काढवी, आणि याला ते लोक खुशाल राजनीती म्हणत.

बाप वारला त्याच दिवशी चंडवर्म्याने गादी बळकावली. दृढायु निसटला. त्याला वाट दाखवली म्हणून त्यांचे काका विशाख यांचे डोळे गेले. ही बातमी दृढायूला नदीपलीकडच्या राजाच्या नगरात कळली. तिथे त्याला पाहुणा म्हणत आणि दाराशी पहारा ठेवत. तो पोटभर रडला. मग त्याने निश्चय केला, "मी राजा झालो तर माझ्या राज्यात कोणाचेही डोळे काढले जाणार नाहीत." यातून त्याने चंडवर्म्याला वगळले नाही, आणि ते त्याला मुळीच सोपे गेले नाही.

सात वर्षांनी डोंगरातल्या टोळ्या चंडवर्म्याला विटल्या. त्या विशाखकाकांच्या शब्दाबाहेर नव्हत्या. काकांनी निरोप धाडला, दृढायु पहारा चुकवून परत आला. लढाई झाली आणि चंडवर्मा हरला.

त्या मुलखाची एक रीत होती. शत्रूने जरी घरात शिरून चुलीच्या धोंड्याला हात लावला, तरी तो त्या घराचा पाहुणा. त्याच्या केसालाही धक्का लावायचा नाही. भरदुपारी चंडवर्मा एकटाच धावत दृढायूच्या तंबूत घुसला. चुलीपासून दोन हातांवर सैनिकांनी त्याला आडवा पाडला.

"हात लागला का धोंड्याला?" काकांनी विचारले.

"नाही," सैनिक म्हणाले.

"मग सळई तापवा."

"काका, मी शब्द दिलाय," दृढायु म्हणाला.

"कोणाला?"

"स्वतःला."

"अरे, मग तो मोडलास तर जाब विचारायला कोण येतंय? याला असाच सोडलास, तर मी टोळ्या घेऊन आजच घरी जातो. रीत मोडून राज्य चालत नाही."

"रीत मोडायची नाहीच," असे म्हणून दृढायु उठला. त्याने चुलीवरची जवाची पेज खाली उतरवली. निखाऱ्यांतला धोंडा दोन्ही हातांनी उचलला, भावापाशी आणला आणि खाली ठेवला.

"लाव हात," तो म्हणाला.

चंडवर्म्याने बोट टेकवले आणि ओरडून मागे घेतले.

"वास कसला येतोय?" काकांनी विचारले.

"हात भाजले."

"चंडूचे?"

"त्याचं एक बोट. माझे दोन्ही हात."

धोंडाच भावापाशी आणलाय, हे काकांच्या ध्यानात आले. चूल जागची हलवू नये, असे त्या रीतीत कोणीच सांगून ठेवले नव्हते. राग तर त्यांच्या मनातून गेलेला नव्हता.

अखेर ते म्हणाले, "पाहुण्याला पेज वाढा. दृढायूच्या हातांना तूप लावा, आणि त्याचं ताट माझ्याकडे द्या. त्याला मी भरवतो."

पुढे दृढायूने बावीस वर्षे राज्य केले. त्या काळात कोणाचेही डोळे गेले नाहीत.

इतके सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा चंडवर्मा तो आजचा देवदत्त, विशाखकाका तो आपला आनंद, आणि दृढायु मी होतो. हात पोळले तरी ठरवलेले खाली न टाकणे, याला अधिष्ठान पारमिता म्हणतात."