पाठीमागचा कोरल

"…मग मी जवळ गेलो की तोच का उडतो, आबा?" मिहिरने विचारलं.

भिवा तांडेल, म्हणजे आबा, उत्तर देण्याच्या घाईत कधीच नसत. अक्षरओळख नव्हती, पण खाडीतला पक्षी नुसत्या आवाजावरून सांगत. पक्षी मोजायला येणारे सगळे आधी त्यांच्याच पायाशी बसत.

मिहिर परुळेकर मात्र डॉक्टरेट झाल्यापासून जरा ताठच बसे.

सात वर्षांपूर्वी त्याने याच चिखलात एक कोरल पकडून त्याच्या पायात पिवळी पट्टी घातली होती. लांब, वाकड्या चोचीचा पक्षी. तळहातात त्याचं काळीज धडधडलेलं मिहिर विसरला नव्हता. तेव्हापासून दर हिवाळ्यात तो त्याला शोधत होता. चाळीस पावलांवर कोरल दिसायचा, पट्टी दिसायच्या आत उडायचा.

उद्या मिहिर नव्या नोकरीवर निघणार होता. त्या गावाला समुद्र नव्हता.

त्याने तक्ता उघडून दाखवला. पक्ष्यांना त्रास कुणाचा, ते त्यात लिहिलं होतं. कुत्री, पर्यटकांच्या गाड्या, चिखलातले खुबे, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बायका. कालच त्याने बायकांना चिखलातून उठवलं होतं, आणि हे तो जरा अभिमानानेच सांगत होता.

"बाया गेल्यार पक्षी इले?" आबांनी विचारलं.

"…नाही."

"दुर्बीण ठेव. खुबे काढ."

शहाण्या माणसाला हे सांगणं म्हणजे अपमानच. पण शेवटचा दिवस होता. मिहिर चिखलात उकिडवा बसला, पक्ष्यांकडे पाठ करून. आबा त्याच्यासमोर बसले. भरती हळूहळू चढत होती आणि पाण्याबरोबर पक्षीही काठाकडे सरकत होते.

बराच वेळ दोघं नुसता चिखल उपसत राहिले. मिहिरची नखं काळी झाली, कंबर भरून आली.

मग डाव्या बाजूने तुताऱ्या, ते चिमुकले किनारपक्षी, तुरुतुरु पुढे गेले. हाताच्या अंतरावरून. त्याच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

आणि अगदी पाठीमागे कोरलाची शीळ आली. लांब, वर चढत जाणारी…

चोच चिखलात शिरल्याचा आवाजही मिहिरला ऐकू येत होता. मान वळवावी म्हणून जीव नुसता तुटत होता.

आबांनी चिखलाचा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

तो वळला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसलंही नाही.

पाणी घोट्याला लागलं तसा पंखांचा फडफडाट झाला आणि शीळ दूर गेली. मगच आबांनी हात काढला.

"आबा, तुम्ही समोर होता. तुम्हाला दिसलं असेल…" मिहिरने विचारलं. "त्याच्या पायात पट्टी होती?"

आबा खुबे धूत राहिले.

"तुझ्या पाठीकडे येवन, पोटभर चरान गेलो… आणि तुका अजून त्येचो पाय व्हयो?"