पोपटीतलं वांगं

आभाळ खाली उतरल्यासारखं धुकं पडलं होतं त्या दिवशी. गोष्ट फार मागची, भाज्या बोलायच्या तेव्हाची. मार्गशीर्ष होता म्हणून पदूबाबांनी पोपटी बिनअंड्याची लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, एक वांगं, ओवा, मीठ घातलं, तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला दाबला, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. अख्खी आळी जेवायला यायची होती.

तेवढ्यात जाळातनं बारीक आवाज आला. "मला बाहेर काढा हो, भाजतंय!" वांगं रडत होतं.

बाबांचं काळीज हललं. शेजारीण येसू "थांबा, थांबा" म्हणेस्तोवर त्यांनी जाळ पांगवून मडकं उघडलं. अर्धंकच्चं, काळंनिळं वांगं त्यांच्याकडे टक लावून बघत होतं.

येसू हळूच म्हणाली, "आता त्याला परत जाळात घालायला लागेल, बाबा. आणि ह्या खेपेला ते तुमचं नाव घेऊन रडेल."