ठकूची ढेकळं

सीना नदीच्या काठी शेंदूरवाडी नावाचं गाव आहे. गोपगिरी महाराज फिरत फिरत तिथे आले आणि मारुतीच्या देवळामागच्या पत्र्याच्या खोपटात दोन वर्षं राहिले. गावातल्या बड्या मंडळींनी वाड्यावर चला म्हणून किती विनवलं! महाराज हसून म्हणायचे, "इथून मांगवाडा जवळ पडतो."

त्या मांगवाड्यात राणू दोर वळायचा. अंबाडीच्या वाखाने त्याच्या तळहातांची सालटी निघालेली असायची, पण संध्याकाळच्या कीर्तनाला तो कधी चुकला नाही. सगळ्यांच्या मागे, देवळाच्या आवाराबाहेर बसायचा आणि महाराजांचा शब्द गाठ मारून घरी न्यायचा. त्याची बायको गेलेली, मागे एकच लेक, ठकू. महाराजांनीच एकदा त्याला बजावलं, "राणू, पोरीला शाळेत घाल." राणूने घातली. दोर वळणाऱ्याची पोर शाळेत निघाली म्हणून गाव महिनाभर हसलं.

शाळा म्हणजे एक खोली आणि त्र्यंबक गुरुजी. माणूस विद्वान होता, पण विद्या डोक्यात गेलेली. ठकू आणि मांगवाड्यातली आणखी दोन पोरं अंगणात, उन्हात बसायची. हिशेब झाला की ठकूने पाटी पायरीवर ठेवायची आणि लांब जाऊन उभं राहायचं. गुरुजी उंबऱ्यातूनच पाटी बघायचे. चूक असेल तर छडी मारायची सोय नव्हती, छडीला विटाळ झाला असता ना! म्हणून त्यांनी उंबऱ्याशी काळ्या मातीची वाळलेली ढेकळं रचून ठेवली होती. चूक निघाली की ढेकूळ फेकून मारायचे. आणि अंगाला लागलेलं ढेकूळ शाळेच्या अंगणात पडून चालायचं नाही. ज्याला लागलं त्यानेच ते उचलून बाहेर न्यायचं, असा तिथला नेम.

पहिल्या दिवशी ठकू ढेकूळ ओटीत घेऊन घरी आली. वाटेत टाकून द्यायचं तिच्या मनात होतं, पण बाप समोरच आला.

"ठके, हे काय गं?"

पोरीने ओटी घट्ट धरली. मग म्हणाली, "गुरुजींनी दिलं, आबा."

झालं! आदल्याच दिवशी कीर्तनात महाराज म्हणाले होते की गुरूच्या हातून येईल तो प्रसाद. राणूने ते ढेकूळ कपाळाला लावलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसरं आलं, मग तिसरं. फळी पुरेना, तेव्हा त्याने टोपलं घेतलं. आपल्या लेकीला गुरुजी रोज प्रसाद देतात म्हणून तो मांगवाड्यात छाती काढून चालू लागला. मधे एकदा ठकूचा डावा डोळा सुजून बंद झाला. बाभळीचा काटा लागला, असं ती म्हणाली. राणूने झाडपाला वाटून लावला, नवस बोलला. सूज उतरली, पण नजर गेली ती गेलीच.

वर्ष सरलं आणि शाळेच्या तपासणीला दिपोटीसाहेब येणार अशी दवंडी झाली. ज्यांना काही येत नाही त्यांची नावं पटावरून काढून टाकायची होती. राणू महाराजांकडे धावला. "महाराज, उद्या शाळेत चला. माझ्या लेकीची इद्या सायबाला दावायची हाय."

तपासणी बघायला सारं गाव जमलं होतं; महाराज गेले आणि अंगणात पोरांच्या पलीकडे मातीत बसले.

साहेबांनी पट उघडला. "ही ठकू राणू?"

"काढाच ते नाव," गुरुजी म्हणाले. "वर्षभरात हिची एक पाटी बरोबर आली नाही. यांच्या डोक्यात अक्षर शिरायचं नाही, साहेब."

तेवढ्यात राणू पुढे झाला. डोक्यावरचं टोपलं उतरवून म्हणाला, "सायब, असं कसं? ह्यो बघा गुरुजींचा परसाद! रोजच्या रोज दिलाय माझ्या लेकीला."

गुरुजींना हसू आवरेना. खोलीतली पोरं खिडकीला लोंबकळून हसू लागली. "अरे खुळ्या, चुकलं की मी ढेकूळ मारतो! टोपलंभर चुका डोक्यावर मिरवत आलास!"

राणूला आधी कळलंच नाही. मग त्याने लेकीकडे पाहिलं. ठकूची मान खाली. त्याची नजर तिच्या त्या विझलेल्या डोळ्यावर गेली.

"ठके... डोळ्याला पण?"

"एकच लागलं, आबा," ती हळूच म्हणाली.

अरेरे! त्या बापाने ते ढेकूळही कपाळाला लावलं होतं.

महाराज उठून राणूजवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. "माझ्या बोलण्याने तुझी फसगत झाली रे, राणू. गुरू कुणाला म्हणायचं, ते सांगायचं राहून गेलं." मग ते वळले. "गुरुजी, यातलं एक फोडा."

"विटाळलेली माती मी हातात घेऊ?"

"फोडा," साहेब म्हणाले.

गुरुजींनी नाक मुरडत लांबूनच एक दगड मारला. ढेकूळ मधोमध उकललं. आत, काळ्या मातीत, पाटीवरच्या पेन्सिलीसारखी पांढरी अक्षरं होती: सत्तावीस नवे दोनशे त्रेचाळीस. तो ठकूचा वाकडा सात गुरुजींनी ओळखला. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दुसरं फोडलं. भागाकार, बरोबर. तिसरं, बरोबर. मग मात्र विटाळ विसरून ते मातीत बसले आणि दोन्ही हातांनी ढेकळं फोडू लागले. एक तरी चूक सापडावी म्हणून त्यांचा जीव कासावीस झाला होता.

शेवटी एकात सापडली. "हे बघा! सोळा साते एकशे दहा!"

"एकशे बारा," ठकू लगेच म्हणाली. "त्या दिवशी चुकलं होतं माझं. परत नाही चुकलं."

नाव खोडायला उचललेली लेखणी साहेबांनी खाली ठेवली.

टोपल्याच्या तळाशी एक ढेकूळ राहिलं होतं, त्यावर काळ्या मातीत सहज दिसू नये असा वाळलेल्या रक्ताचा डाग होता. गुरुजींनी ते दोन्ही हातांत घेतलं. त्यांनी ते फोडलं. आत त्या दिवशीचं शुद्धलेखन होतं, काना-मात्रा जागच्या जागी: श्रीगुरवे नमः.

गुरुजी हंबरडा फोडून महाराजांच्या पायांशी कोसळले. "महाराज, मी पाटीवरचं उत्तर तपासतसुद्धा नव्हतो! पोरगी कुणाची ते बघायचो आणि मारायचो. तिचा डोळा परत द्या!"

महाराजांनी पाय मागे घेतले. "गेलेला डोळा मलाही आणता येत नाही. राहिलेल्या डोळ्याला काय दाखवायचं, ते तुमच्या हातात आहे. आणि माझ्या पाया कशाला पडता? ढेकूळ मला लागलं होतं का?"

भाविकहो, त्या दिवशी सगळ्या गावादेखत त्र्यंबक गुरुजी गुडघ्यांवर सरकत त्या नऊ वर्षांच्या पोरीपुढे गेले आणि त्यांनी तिच्या पायांपाशी डोकं टेकलं. राणूने लेकीचा हात घट्ट धरला होता. त्याच्या मनात काय होतं, ते तोच जाणे.

ठकू घाबरून त्या टेकलेल्या डोक्याकडे बघत राहिली. मग वाकून तिने विचारलं, "गुरुजी, माझं नाव ऱ्हाईल न्हवं पटावर?"

गुरुजींनी मान वर केली नाही. "राहील, बाई," ते मातीत तोंड ठेवूनच म्हणाले. "माझं राहील का, ते तू सांग."