कोनलची बाही

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे जमीन संपते आणि कड्याखाली नुसता समुद्र गरजत असतो, तिथल्या एका गावात त्या वर्षी तोरनान महाराजांचा मुक्काम होता. तिथले लोक त्या साधूंना अब्बा, म्हणजे बाबा, म्हणत. आपण आपल्या जिभेच्या सवयीने महाराजच म्हणू. गावाबाहेर जुन्या काळच्या लोकांनी उभ्या केलेल्या नऊ शिळांचं रिंगण होतं. रिंगणात एक झरा आणि झऱ्यावर वाकलेलं हॉथॉर्नचं काटेरी झाड. महाराज त्या झाडाखाली बसत.

त्या झऱ्याची रीत अशी. ज्याच्यासाठी मागायचं त्याचं वस्त्र घ्यायचं, सूर्य फिरतो त्या दिशेने तीन प्रदक्षिणा घालायच्या, वस्त्र पाण्यात भिजवून फांदीला बांधायचं आणि मागे न बघता घरी जायचं. वाऱ्यापावसात ते विरत जातं, तसं संकटही विरत जातं.

मुरेन नावाची एक विधवा तिथे रोज येई. तिचा एकुलता एक मुलगा कोनल तीन वर्षांपूर्वी कातड्याची होडी घेऊन मासेमारीला गेला, तो परतलाच नाही. मागे राहिली होती दुरुस्तीसाठी उसवलेली त्याच्या सदऱ्याची एक बाही. ती बाही मुरेन सकाळी फांदीला बांधी आणि दिवेलागणीला हळूच सोडून घरी नेई, चुलीपाशी वाळवी, उशाशी घेऊन झोपे. भोळी बाई, पण देवाशी लबाडी करत होती बिचारी!

गावचा मुखिया फेरगाल म्हणजे दोनशे गाईंचा धनी, नाक कायम वर. त्याला गोठ्याच्या भिंतीसाठी त्या शिळा हव्या होत्या. एके दिवशी चारचौघांत तो म्हणाला, "म्हातारे, चिंध्या बांधून बुडालेली पोरं परत येतात होय? उद्या झाड तोडतो नि शिळा नेतो. मग बांध तुझं लक्तर माझ्या बैलाच्या शिंगाला!"

लोक खो खो हसले. मुरेन रडत महाराजांकडे आली. "महाराज, झाड गेलं तर माझ्या कोनलसाठी मागायला जागाच उरणार नाही."

महाराज म्हणाले, "माउली, सकाळी देवाला देतेस आणि संध्याकाळी काढून नेतेस. त्याने घ्यावं तरी कधी?"

मुरेनचा चेहरा उतरला. महाराजांना सारं ठाऊक होतं तर! "त्या बाहीला अजून त्याचा वास येतो," ती पुटपुटली. "ती विरली तर माझ्याजवळ काय राहील?"

महाराजांचे डोळे भरून आले. "ते मला सांगता येत नाही गं. पण आज ती इथेच राहू दे."

मुरेन रिकाम्या हाताने घरी गेली. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फेरगाल आला. गडी झाडाला हात लावायला धजेनात, म्हणून कुऱ्हाड घेऊन स्वतःच आला. त्याने कुऱ्हाड उचलली मात्र, समुद्रावरून धुकं आलं. असं दाट की हातातला दांडा दिसेना! फेरगाल घाबरला, कुऱ्हाड टाकून घराकडे निघाला. लहानपणापासून पायाखालचं कुरण, पण त्याला वाट सापडेना.

इकडे मुरेनला राहवेना. एवढ्या ओलीत बाही कुजेल! शिळा चाचपत ती झाडापाशी पोचली. गाठ बोटांना लागली, अर्धी सुटलीसुद्धा, तोच कड्याच्या बाजूने आवाज आला, "कोणी आहे का? मला काही दिसत नाही!"

आवाज फेरगालचा होता. मुरेन क्षणभर थांबली. मग तिने गाठ तशीच अर्धवट ठेवली आणि आवाजाच्या रोखाने धावली. तोंडी नाव आलं ते एकच. "कोनल! थांब बाळा, हलू नकोस!"

चाचपडताना एक हात तिच्या हाती आला. थंडगार. तिने तो घट्ट धरला.

"मी कोनल नाही," फेरगाल कसाबसा म्हणाला.

"ठाऊक आहे. हात सोडू नकोस, पुढे कडा आहे."

धुकं विरलं. फेरगालच्या पावलांचे ठसे कड्याच्या अगदी धारेवर थांबलेले होते. दोघं झाडापाशी आली, तर फांदी मोकळी! बाही ना जमिनीवर, ना पाण्यात. "घेतली," मुरेन हळूच म्हणाली आणि ओक्साबोक्शी रडली.

तेवढ्यात तिथे आलेल्या महाराजांचे पाय फेरगालने धरले. महाराज म्हणाले, "माझे नव्हेत, तिचे धर."

दोनशे गाईंच्या धन्याने त्या म्हातारीच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोकं ठेवलं. "आई, काय देऊ तुला?"

मुरेन समुद्राकडे बघत राहिली. "माझा आवाज आता लाटांपलीकडे जात नाही रे. तुझा मोठा आहे. एकदा हाक मार त्याला."

आणि जो कुणापुढे वाकत नव्हता तो फेरगाल कड्यावर गुडघे टेकून ओरडू लागला, "कोनल! तुझी आई वाट बघतेय रे!"